सोलच्या औषधी बाजारातलं संग्रहालय: कोरियाची पारंपरिक वैद्यकी नीट कशी बघावी

सोलला जाणारी मराठी माणसं आता कमी नाहीत. कुणी कोरियन कंपनीच्या कामासाठी जातं, कुणी शिकायला, कुणी मालिका बघून हौसेने. बहुतेकांच्या यादीत राजवाडे, म्योंगदोंगची खरेदी आणि नामसानचा मनोरा असतो. त्या यादीत एक दिवस जेगीदोंग भागासाठी ठेवा, असं मी आग्रहाने सांगेन. तिथे कोरियन औषधी वनस्पतींचा देशातला सर्वांत मोठा बाजार आहे आणि त्या बाजाराच्या पोटातच पारंपरिक वैद्यकीचं संग्रहालय आहे. ज्यांच्या घरी काढे उकळले जातात, सहाणेवर मात्रा उगाळली जाते, त्यांना इथे जे दिसेल ते इतर पर्यटकांना सहज दिसणार नाही.

या लेखाचा सगळा भर एका गोष्टीवर आहे. संग्रहालय आणि बाजार एकाच दिवशी बघा, आणि आधी संग्रहालय. हत्यारं, खण, वजनं आणि ग्रंथ आत काचेमागे असतात. त्यांतून तयार होणारा माल बाहेर पोत्यांत भरलेला असतो. नुसतं संग्रहालय बघितलं तर ते जुन्या वस्तूंचं दालन वाटतं. नुसता बाजार बघितला तर वाळक्या मुळ्यांचे ढीग आणि एक उग्र वास, एवढंच लक्षात राहतं.

दिवस आणि वेळ

संग्रहालय सोमवारी बंद असतं. १ जानेवारीला आणि सोल्लाल व चुसोक या दोन मोठ्या सणांनाही बंद. उघडतं सकाळी १० वाजता. बंद होण्याची वेळ निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्या. रविवारी संग्रहालय उघडं असलं तरी औषधी बाजारातली बरीच दुकानं बंद असतात, म्हणजे निम्मी मजा गेली. तेव्हा मंगळवार ते शनिवार यांतला दिवस धरा. सकाळी दारं उघडतानाच आत शिरा, दीड-दोन तास बघा आणि दुपारी बाजारात उतरा.

प्रवेशशुल्क नाममात्र आहे, मोठ्यांना १,००० वॉन. पाय शेकण्यासारख्या अनुभवांचे पैसे वेगळे लागतात. कार्ड सगळीकडे चालतं, पण बाजारातल्या छोट्या दुकानांसाठी थोडी रोकड जवळ असू द्या.

फोनमध्ये दोन गोष्टी आधीच टाकून ठेवा. गुगलचा नकाशा कोरियात पायी वाट दाखवताना फार कामाचा नाही, तिथे नेव्हर मॅप वापरतात. दुसरं म्हणजे पापागो हे भाषांतराचं ॲप. कॅमेरा पाटीवर धरला की मजकूर इंग्रजीत दिसतो. संग्रहालयातल्या मुख्य फलकांवर इंग्रजी आहे, बाजारातल्या पाट्यांवर मात्र जवळपास नाहीच.

पोचायचं कसं

मेट्रोची १ क्रमांकाची गडद निळी लाईन पकडा आणि जेगीदोंगला उतरा. सोल स्टेशन, सिटी हॉल, जोंगनो, दोंगदेमुन हे सगळं याच लाईनवर असल्यामुळे गाडी बदलण्याची वेळ सहसा येत नाही. १९७४ साली सोलची पहिली मेट्रो धावली ती याच मार्गावर, आणि पहिल्या स्थानकांमध्ये जेगीदोंग होतं. चोंगन्यांगनी हे पुढचं स्थानक आलं तर एक स्थानक पुढे आलात असं समजा.

२ क्रमांकाच्या दाराने वर आलात की क्योंगदोंग बाजार आणि यांगन्योंगशी हा औषधी बाजार समोरच सुरू होतो. संग्रहालय ज्या इमारतीत आहे तिला सोल हानबांग प्रोत्साहन केंद्र म्हणतात; हानबांग म्हणजे कोरियाची पारंपरिक वैद्यकी. २०१७ मध्ये उघडलेली ही इमारत नवी असली तरी तिची छपरं आणि लाकूडकाम जुन्या कोरियन घरांच्या वळणाचं आहे, त्यामुळे आजूबाजूच्या सिमेंटच्या दुकानांमध्ये ती लगेच ओळखू येते. वाटेत दुकानं लागतील. थांबावंसं वाटेल, पण आता थांबू नका.

बाजार इथेच का वसला, हे चालता चालता माहीत असलेलं बरं. जोसोन राजवटीत पूर्वेच्या वेशीबाहेर याच परिसरात बोजेवोन नावाची सरकारी संस्था होती. तिथे वाटसरूंना निवारा मिळे, भुकेल्यांना पेज आणि आजाऱ्यांना औषध. आजचा बाजार मात्र १९६० च्या दशकातला आहे. पूर्वेकडच्या गांगवोन प्रांतातल्या डोंगरांमधून शेतकरी मुळ्या आणि साली घेऊन रेल्वेने चोंगन्यांगनी आणि सोंगदोंग या स्थानकांवर उतरत. सोंगदोंग स्थानक १९७१ मध्ये बंद झालं, बाजार तेवढा राहिला. १९९५ मध्ये सोल महानगराने त्याला अधिकृत मान्यता दिली.

दुसरा मजला: कुठून सुरुवात करावी

संग्रहालय दुसऱ्या मजल्यावर आहे. पहिल्या फलकापासून शेवटच्या फलकापर्यंत सगळं वाचत बसू नका; अर्ध्या वाटेत डोळे थकतात. आधी सगळ्या दालनांतून एकदा भरभर फिरून या. मग परत या आणि खाली सांगतोय त्या क्रमाने बघा.

आधी खणांचं कपाट. कोरियन वैद्याच्या दुकानात एका भिंतीला उंच लाकडी कपाट असे, त्याला यागजांग म्हणतात. त्यात लहान लहान खणांच्या रांगा असतात आणि प्रत्येक खणाला धरायला एक कडी. खणावर चिनी लिपीत वनौषधीचं नाव लिहिलेलं असतं. नीट बघितलं तर एकाच खणावर दोन किंवा तीन नावं दिसतील, कारण आत फळी घालून खणाचे कप्पे केलेले असतात. कुठली औषधं वरचेवर एकत्र लागतात, कुठली हाताच्या उंचीवर हवीत, कुठली वर टाकली तरी चालतील, हा सगळा हिशेब त्या मांडणीत आहे. विषारी द्रव्यांचा खण वेगळा असे आणि त्याला कुलूप लावत. त्या कपाटासमोर पाच मिनिटं उभं राहिलं तर वैद्याचा दिवस कसा जात असेल ते कळतं.

मग हत्यारं. मुळ्या कापायचं जाकदू हे एका टोकाला बिजागरीने बसवलेलं लांब पातं असतं. यागयोन हे नावेच्या आकाराचं लांबट पात्र. त्यात मधोमध दांडी घातलेलं चाक पुढेमागे फिरवून औषध दळायचं. खल आणि बत्ता तर आपल्या ओळखीचेच. शेजारी लहान तराजू असतो, हाडाची किंवा लाकडाची बारीक दांडी आणि एक पारडं. वजनाच्या मापाला कोरियनमध्ये ‘दोन’ म्हणतात (आपला आकडा नव्हे); एक ‘दोन’ म्हणजे ३.७५ ग्रॅम. हे माप लक्षात ठेवा, बाजारात उपयोगी पडेल.

काढा गाळायच्या साधनांपाशीही रेंगाळा. मातीच्या भांड्यात, तोंडाला कागद बांधून, मंद आचेवर औषध उकळायचं. मग ते तागाच्या फडक्यात ओतून फडक्याच्या दोन्ही बाजूंना काठ्या अडकवायच्या आणि उलट दिशांनी पीळ द्यायचा. शेवटच्या थेंबापर्यंत अर्क उतरतो. आज हे काम यंत्र करतं आणि काढा प्लास्टिकच्या सीलबंद पिशव्यांमधून मिळतो. अजूनही कोरियातली म्हातारी माणसं सांगतात की घरात काढा उकळायचा तेव्हा सगळं अंगण त्या वासाने भरून जायचं.

छताला टांगलेल्या पुड्या. चौकोनी पांढऱ्या कागदात बांधलेल्या औषधाच्या पुडीला चोप म्हणतात. २० चोप म्हणजे एक जे, हा पूर्ण औषधक्रम. पूर्वी वैद्याच्या दुकानात या पुड्या दोरीने छताला टांगून ठेवत. दमटपणा लागत नाही, उंदीर पोचत नाहीत, आणि कुणाची पुडी तयार आहे ते खालूनच दिसतं.

ग्रंथ: दोंगुई बोगाम

संग्रहालयातल्या ज्या एका वस्तूसाठी सर्वांत जास्त वेळ द्यावा असं मला वाटतं, ती म्हणजे दोंगुई बोगाम हा वैद्यकीचा जुना ग्रंथ. काचेमागे जे दिसतं ते नुसतं बघण्यासाठी ठेवलेलं आहे, मूळ प्रत नव्हे. ज्या मूळ प्रतींची युनेस्कोने २००९ मध्ये जागतिक स्मृतिठेव्यात नोंद केली, त्या कोरियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि कोरियन अभ्यास अकादमीत आहेत. तरीही ग्रंथाची मांडणी इथे चांगली समजते.

१५९२ मध्ये जपानने कोरियावर स्वारी केली आणि देश होरपळून निघाला. दुष्काळ पडले, साथी आल्या, वैद्यकीचे ग्रंथ जळाले. त्या धामधुमीतच १५९६ मध्ये राजा सोन्जोने हो जुन या दरबारी वैद्याला नवा ग्रंथ रचायला सांगितलं. राजाच्या सूचना ग्रंथाच्या प्रस्तावनेत आहेत. आधी शरीर आणि मन सांभाळण्याचं सांगा, औषध त्यानंतर. आडगावांत वैद्य नाहीत आणि औषधं नाहीत, म्हणून देशातल्याच वनस्पती लोकांना कळतील अशा नावांनी द्या. काम रखडलं, युद्ध पुन्हा पेटलं, आणि १६०८ मध्ये राजा वारला तेव्हा त्याला वाचवू न शकल्याचा ठपका हो जुनवर येऊन त्याला हद्दपार व्हावं लागलं. हद्दपारीतही त्याचं लिहिणं थांबलं नाही. १६१० मध्ये ग्रंथ पुरा झाला, १६१३ मध्ये छापला गेला. २५ खंड, पाच भाग: आतलं शरीर, बाहेरचं शरीर, नाना रोग, औषधी द्रव्यं, आणि सुया व शेक (म्हणजे सुया टोचून आणि शेक देऊन करायचे उपचार).

औषधांच्या भागाचं पान उघडं ठेवलेलं दिसलं तर जवळ जा. चिनी अक्षरांतल्या मोठ्या नावाखाली बारीक हांगुल अक्षरांत, म्हणजे कोरियाच्या स्वतःच्या लिपीत, गावातलं नाव दिलेलं असतं. ज्याला चिनी वाचता येत नाही त्यालाही रानात जाऊन ती वनस्पती खुडता यावी, म्हणून. देशी द्रव्यांवर भर देण्याची ही रीत त्याआधीची आहे. राजा सेजोंगच्या काळात १४३३ मध्ये ८५ खंडांचा असाच एक संग्रह तयार झाला होता. पण तेव्हा हांगुल लिपी जन्मली नव्हती.

आता आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट. ग्रंथाच्या अगदी सुरुवातीला माणसाच्या धडाचं एक चित्र आहे. बाजूने काढलेलं, हातपाय नसलेलं. मागे पाठीचा कणा मस्तकापर्यंत चढत गेलेला, पोटाशी लाटांसारख्या रेषा. त्याची प्रतिकृती बहुतेक अशा संग्रहालयांत असते. या चित्रापाठोपाठ येणाऱ्या विवेचनात हो जुनने बौद्धांचं मत म्हणून एक उतारा दिला आहे: पृथ्वी, आप, तेज आणि वायू यांच्या मेळातून माणूस होतो. स्नायू, हाडं, मांस ही पृथ्वी. वीर्य, रक्त, शरीरातले द्रव हे आप. श्वास आणि ऊब हे तेज. चैतन्य आणि हालचाल हा वायू. भारतातून निघालेला विचार चीनमार्गे, बौद्ध ग्रंथांतून, सतराव्या शतकातल्या कोरियन वैद्याच्या पहिल्या पानांपर्यंत पोचला होता. त्या चित्रासमोर उभं असताना हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

पण यावरून कोरियन वैद्यकी म्हणजे त्यांचा आयुर्वेद, असा निष्कर्ष काढू नका. पुढच्या फलकांवर पाच तत्त्वांचा तक्ता दिसेल: लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. आपल्या पंचमहाभूतांतले वायू आणि आकाश त्यात नाहीत. ही चीनमधून आलेली वेगळी मांडणी आहे. ही तत्त्वं एकमेकांना जन्म देतात आणि एकमेकांना आवरही घालतात, त्यावर निदान चालतं. नाडी दोन्हीकडे मनगटावर तीन बोटांनी बघतात, तरी इथे प्रत्येक बोटाखाली वेगळ्या अवयवाची खूण शोधली जाते.

सासांग: प्रकृतीचे चार प्रकार

वात-पित्त-कफ माहीत असलेल्या माणसाला हा भाग ओढून घेतो. इ जे-मा या वैद्याने (१८३७–१९००) १८९४ मध्ये ग्रंथ लिहून माणसांचे चार प्रकार मांडले. तेयांगमध्ये फुप्फुस प्रबळ आणि यकृत दुबळं, तेउममध्ये नेमकं उलट. सोयांगमध्ये प्लीहा प्रबळ आणि मूत्रपिंड दुबळं, सोउममध्ये त्याच्या उलट. प्रकार जन्मतः ठरतो आणि बदलत नाही. औषध, आहार, इतकंच काय स्वभावाचा दोषसुद्धा त्यावरून सांगतात. ही मांडणी चीनमधून घेतलेली नाही, खास कोरियाची देन आहे. प्रश्नावली भरून स्वतःचा प्रकार बघण्याची सोय कुठे असेल तर जरूर बघा, पण ते निदान धरून औषध विकत घेऊ नका.

सुया आणि शेकाच्या दालनात कुणी कुणी फार रमतं, कुणी भरभर निघून जातं. सुया ठेवायच्या लहान डब्या बघा, वैद्य त्या कमरेला लावून फिरत. शेकासाठी जी वनस्पती वापरतात ती सुक ही आपल्या दवण्याच्याच कुळातली. राजवाड्यातल्या वैद्य स्त्रियांबद्दल मालिकांमधून ऐकलं असेल तर ते निव्वळ रंजन नाही. पुरुष वैद्याकडून तपासून घ्यायला संकोचणाऱ्या बायकांसाठी मुलींना वैद्यकी शिकवण्याची सोय जोसोन दरबाराने १४०६ मध्ये सुरू केली होती.

आपल्या ओळखीची सात द्रव्यं

औषधींच्या नमुन्यांचं दालन मोठं आहे आणि सगळंच वाळकं तपकिरी दिसतं. मुलं बरोबर असतील तर तिथे त्यांना कंटाळा येणार. त्यासाठी हा एक खेळ करा, मोठ्यांनाही आवडतो. आपल्या घरातली द्रव्यं त्यांच्या कोरियन नावांनी हुडकायची. आधी संग्रहालयात, तिथे न सापडली तर बाजारात.

लवंग म्हणजे जोंगह्यांग. जायफळ युकदुगू. सुपारी बिन्नांग. हिरडा काजा. पिंपळी पिलबाल, हे नाव कुठून गेलंय ते सांगायलाच नको. दालचिनी क्येपी, ही त्यांच्याकडे जाड सालीची असते. आणि सातवं सर्वांत गोड: क्योल्म्योंगजा. पावसाळ्यात आपल्याकडे रस्त्याच्या कडेला माजतो त्या टाकळ्याचं बी. आपण त्याची कोवळी भाजी करतो. कोरियात बी भाजून चहा करतात, डोळ्यांसाठी चांगलं मानतात आणि उशीतसुद्धा भरतात. यांतली बरीचशी उष्ण प्रदेशातली द्रव्यं कोरियात उगवत नाहीत, ती शतकानुशतकं व्यापारातून येत राहिली.

ज्येष्ठमधही शोधा, तिकडे त्याला कामचो म्हणतात. बहुतेक काढ्यांत असतो, म्हणून जिथे तिथे हजर असणाऱ्या माणसाला कोरियन लोक औषधाच्या दुकानातला कामचो म्हणतात.

तिसरा मजला आणि पाय शेकणं

वरच्या मजल्यावर हाताने करून बघायच्या गोष्टी असतात. दरबारी वैद्याचा पोशाख घालून फोटो काढता येतो, मुलांसाठी हे उत्तम. औषधी पाण्यात पाय बुडवून बसण्याची सोय या केंद्रात लोकप्रिय आहे. दिवसभर चालल्यावर ती सुखाची आहेच. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झाली असेल, पायाला जखम असेल किंवा गरोदरपण असेल तर मात्र टाळा. पाणी चांगलंच गरम असतं. जवळ लहान टॉवेल ठेवा. आठवड्याच्या शेवटी रांग लागते, म्हणून आल्या आल्या खाली वेळ विचारून घ्या आणि मग संग्रहालयात जा.

आता बाजार

बाहेर पडल्यावर आधी वास येतो. आलं, दालचिनी, ज्येष्ठमध आणि मातीत मुरलेल्या मुळ्यांचा एकत्र वास. गल्ल्यांमध्ये तांग्वी, ह्वांगी या औषधी मुळ्यांच्या लांब काड्या, सुक्या लाल बोरांचे ढीग, काटेरी फांद्यांच्या जुड्या, अळंबीचे कडक पंखे. काही दुकानांत काडीला बांधून वाळवलेल्या गोमी आणि हरणांच्या कोवळ्या शिंगांचे काप दिसतील. शाकाहारी घरातल्यांना, विशेषतः मुलांना, याची आधी कल्पना द्या.

इथे एक गोष्ट मुद्दाम शोधा: जिह्वांग ही मुळी. वाळवलेली मुळी तपकिरी आणि सुरकुतलेली असते. शेजारीच सुकजिह्वांग म्हणून काळाकुळकुळीत, चिकट, चकाकणारा गोळा दिसेल. मुळी तीच. ती मद्य शिंपडून वाफवायची, वाळवायची, पुन्हा वाफवायची, पुन्हा वाळवायची. परंपरेनुसार असं नऊ वेळा. कच्ची मुळी थंड मानतात, नऊ वेळा वाफवलेली उष्ण आणि बळ देणारी. एकाच मुळीची दोन औषधं झाली, आणि ती झाली फक्त हातांच्या कामामुळे. बुजा हे बचनागाच्या जातीतलं जहाल विषारी द्रव्य. तेही असंच संस्कार करून मगच वापरतात. आपल्या वैद्यांच्या शोधनविधीची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. संग्रहालयातली ती हत्यारं, भांडी आणि फडकी नेमकी कशासाठी होती, ते या काळ्या गोळ्याकडे बघून उमगतं.

जिनसेंगही असंच तीन रूपांत दिसेल. ताजं ते सुसाम. सोलून वाळवलेलं पांढरं ते बेकसाम. न सोलता वाफवून वाळवलेलं लालसर ते होंगसाम. सहा वर्षांचं मूळ सर्वांत मानाचं. किंमत वय, आकार आणि प्रत यांवर ठरते आणि फरक खूप असतो.

दुकानदार बहुतेक वयस्क असतात आणि आपुलकीने वागतात, पण ही त्यांची कामाची जागा आहे. फोटो काढण्यापूर्वी विचारा: “साजिन च्चिगोदो द्वेयो?” मान डोलावली तर काढा. पाटीवरची किंमत बहुधा कुन या मापाची असते, औषधी मालासाठी एक कुन म्हणजे ६०० ग्रॅम. तुम्हाला किलोचा भाव वाटला तर हिशेब चुकतो.

काय घ्यावं, काय घेऊ नये

घ्यायचं तर कारखान्यात बंद केलेलं, घटक लिहिलेलं घ्या. आल्याचा किंवा सुक्या बोरांचा चहा, ओमिजा या लाल आंबट फळांचा अर्क, होंगसामच्या गोळ्या किंवा अर्काच्या बाटल्या. घरच्यांसाठी भेट म्हणून हे पुरेसं आहे.

सुट्या मुळ्या, साली, बिया आणि ताजं जिनसेंग भारतात आणू नका. परदेशातून येणाऱ्या वनस्पतिजन्य मालाला विलगीकरणाचे नियम लागू आहेत आणि कस्टमच्या फॉर्मवर बिया, झाडं, फळं जवळ आहेत का हे विचारलेलं असतं. कस्तुरी, अस्वलाचं पित्त, समुद्रघोडे असलेली कोणतीही वस्तू तर अजिबातच नको. वन्यजीव कायद्याखाली ते गुन्ह्याचं प्रकरण होऊ शकतं. सोनेरी वर्खातल्या उह्वांग चोंगशिमह्वान या गोळ्या भेट म्हणून कुणी दिल्या तर त्यात काय आहे ते वाचा. नावातलं उह्वांग म्हणजे गोरोचन, आणि पारंपरिक पाठात कस्तुरीही असते.

रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जिनसेंग घेऊ नका. ज्येष्ठमध जास्त झाला तर रक्तदाब वाढतो. ही द्रव्यं चहाच्या पाकिटात असली तरी औषधंच आहेत.

चहा आणि जेवण

बाजार बघून झाला की सांगह्वा चहा प्या. ह्वांगी, तांग्वी, जिह्वांग, दालचिनी, ज्येष्ठमध अशी द्रव्यं उकळून केलेला हा घट्ट काळा काढा थकव्यावर देतात. पहिला घोट कडू लागतो, मागून गोडी येते. पारंपरिक पद्धतीत त्यावर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक तरंगत असतो. नको असेल तर मागवतानाच सांगा: “क्येरान नोरुन्जा प्पे जुसेयो.” वर पाइनच्या बिया आणि अक्रोडाचे तुकडे आले तर ते ठेवा, चहात चांगले लागतात. बोरांचा, आल्याचा आणि ओमिजाचा चहा पूर्ण शाकाहारी असतो. बाजारातलं प्रसिद्ध सामग्येतांग मात्र जिनसेंग घालून शिजवलेलं अख्खं कोंबडीचं पिल्लू आहे, नाव ऐकून औषधी सूप समजू नका.

नुसती बसायला जागा हवी असेल तर क्योंगदोंग बाजारात एका जुन्या चित्रपटगृहात २०२२ पासून स्टारबक्स सुरू आहे. उतरत्या पायऱ्यांवर खुर्च्या मांडलेल्या आहेत, वर जुनं लाकडी छत तसंच आहे.

उपचार करून घ्यायचे असतील तर

हा वेगळा विषय आहे, तो फिरण्यात मिसळू नका. कोरियात पारंपरिक वैद्याला हानुइसा म्हणतात. सहा वर्षांचं महाविद्यालयीन शिक्षण, सरकारी परीक्षा आणि परवाना असल्याशिवाय कुणी सुया टोचू शकत नाही. १९५१ च्या कायद्याने आधुनिक डॉक्टर आणि हानुइसा अशा दोन्ही वाटा मान्य केल्या. १९८७ पासून सुयांचा उपचार राष्ट्रीय आरोग्य विम्यात आहे. बाजारातल्या दुकानदाराने सल्ला दिला तर तो ऐका, पण औषध ठरवायचं काम हानुइसाचं. या बाजाराजवळच क्योंगही विद्यापीठाचं कोरियन वैद्यकीचं महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, कोरियातलं सर्वांत नावाजलेलं. तिथे जायचं तर वेळ आधी ठरवून, चालू औषधांची यादी इंग्रजीत लिहून न्या.

आणखी एक दिवस असेल तर

हो जुनने मनात घर केलं असेल तर ९ क्रमांकाच्या मेट्रोने गायांग स्थानकाला जा. शहराच्या पश्चिम टोकाला, हान नदीजवळ, २००५ मध्ये उघडलेलं हो जुन संग्रहालय आहे. हा त्याचा मूळ परिसर मानतात. जवळच्या उद्यानात होगाबावी नावाची गुहा आहे, तिथे बसून त्याने ग्रंथ लिहिला असं परंपरा सांगते. संग्रहालयाच्या गच्चीवर औषधी बाग आहे, उन्हाळ्यात ती बघावीच. इथली मांडणी जेगीदोंगपेक्षा ग्रंथाकडे अधिक झुकलेली आहे, म्हणून हे दुसरं बघावं. हेही सोमवारी बंद.

सोलबाहेर पडणार असाल आणि देगू वाटेवर असेल तर तिथला औषधी बाजार सोडू नका. १६५८ पासूनची त्याची परंपरा आहे, म्हणजे सोलच्या बाजारापेक्षा तीनशे वर्षांनी जुनी. पूर्वी तो बारमाही नसे, वसंतात आणि शरदात ठरावीक दिवस भरत असे आणि देशभरातून माल येई. त्याचंही स्वतंत्र संग्रहालय आहे, शहराच्या मध्यभागी, बानवोलदांग मेट्रो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर. सोलहून वेगवान रेल्वेने सकाळी निघालात तर संग्रहालय आणि गल्ली दोन्ही बघून रात्री परत येता येतं.